‘ब्रॅकेट परत निघालं’ : तारा लावलेल्या मुलांचा खेळ बंद करण्याआधी

लेकीच्या दातांना जूनमध्ये तारा लागल्या आणि दिवाळीपर्यंत ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा दातावर चिकटवलेला छोटा तुकडा, पाच वेळा निघालं. ती खो-खो खेळते. संध्याकाळी दीड तास, शनिवारी सकाळचा सराव वेगळा. त्यामुळे घरात आरोपी ठरलेला होता. आजीचं म्हणणं, "दोन वर्षं नाही खेळली तर काय आभाळ कोसळतंय?" सरांनीही काळजीपोटी तिला कडेला बसवलं आणि गुण लिहायची वही हातात दिली. तिथे बसल्या बसल्या, एकही सूर न मारता, सहावं ब्रॅकेट निघालं.

मग मीही एक वही घेतली. चार रकाने आखले: कोणता दात, कोणता वार, कधी लक्षात आलं, त्याआधी तोंडात काय गेलं होतं. आधीच्या पाच वेळच्या दातांची नोंद दवाखान्याच्या कार्डावर होतीच. बाकीचं लेकीला खोदून खोदून विचारलं. सहापैकी चार वेळा एकाच दाताचं ब्रॅकेट निघालं: खालचा, डावीकडचा, सुळ्याच्या लगेच मागचा. एकदा वरच्या दाढेवर चिकटवलेली, तार ओवायची नळी निघाली होती, ती ऊस सोलताना. खरोखर मैदानावर निघालेलं ब्रॅकेट एकच, वरच्या पुढच्या दाताचं. सूर मारताना तोंड जमिनीवर घासलं तेव्हाचं.

म्हणजे सहापैकी पाच वेळा खेळाचा काही संबंध नव्हता. पण त्या एका वेळी ओठ आतून असा फाटला होता की तीन दिवस तिला आमटी झोंबत होती. मला उशिरा कळलेली गोष्ट हीच. ब्रॅकेट निघणं आणि तोंडाला लागणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीचं मूळ बहुतेक वेळा खाण्यात नाहीतर दातांच्या चावण्यात असतं. दुसरीचं खेळात असतं. आपण पहिलीसाठी खेळ बंद करतो आणि दुसरीसाठी काहीच करत नाही.

तोच दात पुन्हा पुन्हा

ब्रॅकेट दातावर कसं बसतं हे एकदा समजून घेतलं की निम्मा राग जातो. दाताचा पृष्ठभाग आम्लाच्या जेलने किंचित खरखरीत करतात, त्यावर कॉम्पोझिट (दात भरायला वापरतात तसला लेप) लावून ब्रॅकेट ठेवतात आणि निळ्या प्रकाशाने ते कडक करतात. ही पकड रोजच्या जेवणाला पुरते. पण उपचार संपल्यावर दाताचं वरचं कवच न दुखावता ब्रॅकेट काढताही यायला हवं, म्हणून ती कायमची नसतेच. चिकटवताना तिथे लाळेचा ओलावा राहिला तर पकड कच्ची राहते. असं ब्रॅकेट पहिल्या एक-दोन दिवसांतच निघतं.

एकाच दाताचं ब्रॅकेट वारंवार निघत असेल तर मात्र डॉक्टरांना सरळ विचारा: "वरचा दात याच्यावर आपटतोय का?" आमच्याकडे तेच होतं. तिचे वरचे दात खालच्यांना जास्तच झाकतात. प्रत्येक घासाला वरच्या दाताचं टोक खालच्या ब्रॅकेटवर बसत होतं. डॉक्टरबाईंनी दातांमध्ये निळा कागद धरून तिला चावायला लावलं, तर ठसा बरोबर ब्रॅकेटवर उमटला. उपाय साधा निघाला. मागच्या दाढांच्या चावायच्या भागावर कॉम्पोझिटचे दोन छोटे उंचवटे केले, म्हणजे तोंड मिटलं तरी पुढे थोडी फट राहते. पहिला आठवडा तिला पोळी चावता येईना, वरणभात आणि मऊ खिचडीवर काढला. त्यानंतर त्या दाताचं ब्रॅकेट आजतागायत जागेवर आहे. पाच महिने आम्ही नुसतं चिकटवून आणत होतो, कारण एकाच दाताचं ब्रॅकेट चौथ्यांदा निघतंय हे कोणी एका कागदावर लिहूनच काढलं नव्हतं.

आता खाणं. मैदानावरच्या मुलांचं खाणं घरच्या खाण्याहून वेगळं असतं आणि ते आपल्याला दिसत नाही. सराव संपला की खिशातले फुटाणे, गेटवरचा पेरू, उन्हाळ्यात बर्फाचा गोळा, संक्रांतीच्या आठवड्यात चिक्की. यातलं काही ब्रॅकेट थेट तोडतं, काही चिकटून ओढतं. गोळा चोखला तर ठीक, पण मुलं तो चावतात. कणीस दातांनी सोलून खाणं बंद. दाणे काढून उकडून दिले तर चालतात. पेरू, सफरचंद, गाजर पातळ फोडी करून, मागच्या दातांनी खायचं. कडक भाकरीचा पापुद्रा आमटीत भिजवला की झालं. फुटाण्यांऐवजी आता मी उकडलेल्या शेंगांचे दाणे आणि केळं देते. राजगिऱ्याच्या लाडवावर माझा भरवसा होता, पण पाकातला लाडू तारेत असा अडकतो की ब्रश करून करून हात दुखतात.

पेन चावायची सवयही बघा. सहावं ब्रॅकेट गुण लिहायच्या पेनानेच काढलं होतं, हे तिने बऱ्याच दिवसांनी कबूल केलं.

आणि पेय. सरावात साधं पाणीच द्या. बाटलीतली रंगीत एनर्जी पेयं आंबट आणि गोड दोन्ही असतात. ब्रॅकेटभोवती कीटण साचलेलं असेल तर तिथे दातातलं खनिज झिरपून जातं आणि तारा काढल्यावर ब्रॅकेटच्या आकाराचे पांढरे डाग उरतात. लिंबूसरबत हवंच असेल तर एका दमात पिऊन वर पाण्याने चूळ भरायची. तासभर घोट घोट पीत राहणं जास्त वाईट.

तोंड फुटतं त्याचं काय

तारा लावलेल्या बऱ्याच मुलांचे वरचे दात मुळातच पुढे असतात, आणि असे दात पडल्या-आपटल्यावर आधी मार खातात. त्यावर आता धातू बसवलेला. म्हणजे ओठ एका बाजूने जमिनीचा किंवा कोपराचा मार झेलतो आणि दुसऱ्या बाजूने ब्रॅकेटच्या कडांवर दाबला जातो. दुकानातून माउथगार्ड, म्हणजे खेळताना दातांवर घालायचं संरक्षक कवच, आणून प्रश्न सुटेल असं मला वाटलं होतं. तिथेच मी चुकले.

दुकानात सर्रास मिळतो तो गरम पाण्यात मऊ करून चावायचा गार्ड. साध्या दातांना तो ठीक. तारांवर नको. मऊ झालेलं प्लास्टिक ब्रॅकेटच्या खाचांमध्ये शिरतं, थंड होऊन तिथेच घट्ट धरतं आणि काढताना ब्रॅकेटसकट ओढतं. दुसरं असं की दात रोज थोडेथोडे सरकत असतात. आज तंतोतंत बसवलेला गार्ड दीड महिन्याने त्याच दातांना जुन्या जागी दाबायला लागतो, म्हणजे आपणच पैसे देऊन उपचाराच्या उलट काम करून घेतो.

तारांसाठीचे गार्ड वेगळे येतात. ते सिलिकॉनचे असतात, गरम करायचे नसतात, आत ब्रॅकेटसाठी रुंद खोबण असते आणि दात सरकले तरी बसतात. थोडे जाडजूड वाटतात. दुसरा पर्याय दंतवैद्याकडून करून घ्यायचा. मापाच्या साच्यावर ब्रॅकेटच्या जागा भरून घेतात, पुढे दात जिथे सरकणार तिथे मोकळी जागा ठेवतात आणि मग त्यावर शीट बसवतात. हा बसतो छान, बोलताही नीट येतं, पण उपचार पुढे सरकला की नवा करावा लागतो. कराटे किंवा बॉक्सिंगसारखा तोंडावर मार येणारा खेळ असेल तर मी दुसरा पर्याय निवडेन. आम्ही खो-खोसाठी पहिल्यावर भागवलं. विकत घेण्याआधी तारांच्या डॉक्टरांना दाखवाच.

नीट बसतो की नाही हे घरीच कळतं. तोंड किंचित उघडं ठेवलं तरी तो खाली पडता कामा नये. दात आवळून धरावा लागत असेल तर मूल दहा मिनिटांत काढून खिशात टाकणार. तो घालून जिना चढ-उतर करायला लावा, श्वास कोंडत नाही ना बघा. तो घालून आपलं नाव, पत्ता, पाढे म्हणायला लावा. आणि पहिल्यांदा थेट सामन्यात कधीही घालू देऊ नका. लेकीने आठवडाभर घरी अभ्यास करताना घातला, मग सरावात.

गार्डचा खरोखर उपयोग होतो का, हा प्रश्न आजीने विचारलाच. वेगवेगळ्या खेळांतल्या अभ्यासांचा २००७ साली एकत्र आढावा घेतला गेला होता. त्यात गार्ड न घालणाऱ्यांना तोंडाच्या दुखापतीचा धोका घालणाऱ्यांपेक्षा १.६ ते १.९ पट निघाला. त्यातले बरेच खेळ परदेशातले. पण जमिनीला खो-खो कळत नाही आणि रग्बीही कळत नाही.

आता आपल्याकडच्या खेळांची खरी अडचण, जी परदेशी माहितीत सापडत नाही: आपले खेळ बोलून खेळायचे असतात. पाठलाग करणाऱ्याने बसलेल्याला मागून मोठ्याने ‘खो’ द्यायचा असतो. गार्ड घालून ‘खो’ येतो का? येतो. घशातून निघणारा ‘ख’ आणि पुढे ‘ओ’, त्याला ओठ मिटावे लागत नाहीत. कबड्डीचं मात्र अवघड. चढाई करणाऱ्याला दम न तोडता ‘कबड्डी कबड्डी’ पंचाला ऐकू जाईल असं म्हणत राहावं लागतं, आणि त्यातल्या ‘ब’ला ओठ जुळायला हवेत, ‘ड्ड’ला जीभ टाळूला लागायला हवी. जाड गार्डमध्ये ते बोबडं होतं आणि पंच दम तुटला म्हणून बाद देऊ शकतात. आमच्या शेजारचा मुलगा कबड्डी खेळतो. त्याने पातळ, करून घेतलेला गार्ड घेतला, तो घालून दम घोकला आणि सामन्याआधी पंचांना दाखवून ठेवतो. आजवर हरकत आलेली नाही.

मल्लखांब करणाऱ्यांना पडण्यापेक्षा घासण्याचा त्रास जास्त. पकड घेताना गाल लाकडाला चिकटतो. तिथे गार्डपेक्षा वॅक्स, म्हणजे ब्रॅकेटवर लावायचं मऊ मेण, कामाला येतं. लेदर बॉलच्या क्रिकेटला फलंदाजीत आणि यष्टिरक्षणात जाळीचं हेल्मेट हवंच, तारा असोत नसोत. पण नेटमध्ये जवळ उभं राहून झेल घेणाऱ्या मुलांना कोणी विचारत नाही, तिथे गार्ड घाला. पोहणं, धावणं, सायकल, बॅडमिंटनची एकेरी यांना नुसत्या तारांमुळे काही अडत नाही. सायकलला हेल्मेट तेवढं हवं.

वरच्या दातांवरचा गार्ड खालच्या ओठाला पूर्ण वाचवत नाही. खालीही तारा असतील तर वर-खाली दोन्ही झाकणारा गार्ड मिळतो, पण त्यात श्वास घ्यायला लेकीला जमेना. म्हणून खालच्या पुढच्या ब्रॅकेटवर ती वॅक्स लावते.

वॅक्स टिकत नाही ही तक्रार

ही तक्रार सगळ्यांची असते, आणि कारण एकच असतं: ओल्या तारेवर लावलेलं असतं. आधी हात धुवा. ओठ बाजूला धरून ब्रॅकेट कापसाने किंवा टिश्यूने कोरडं करा. वाटाण्याएवढी गोळी बोटांत मळून मऊ करा, मग ब्रॅकेटवर दाबून चपटी करा. बारीक तुकडा लावला तर घामाघूम मूल पाणी प्यायला लागलं की तो गेलाच. चुकून गिळलं तरी घाबरायचं कारण नाही. खाण्याआधी आणि ब्रश करण्याआधी मात्र काढायचं.

तारेचं टोक मागे गालात टोचायला लागलं तर कोणी काही बिघडवलेलं नसतं. दात ओळीत येतात तसं तारेचं जास्तीचं टोक मागच्या नळीतून बाहेर येतं. सुरुवातीच्या आठवड्यांत हे होतंच. पेन्सिलीच्या मागच्या स्वच्छ रबराने किंवा कान साफ करायच्या काडीच्या कापसाच्या टोकाने ते हळूच दाताकडे वळवून बघा, नाहीतर वर वॅक्स लावा आणि दवाखान्यात फोन करा. तिथे ते टोक दोन मिनिटांत कापतात. घरची पक्कड तोंडात घालू नका. तुटलेला तुकडा घशात जाईल ही भीती खरी आहे.

गालाला, ओठाला जखम झाली तर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चारदा गुळण्या. हळद लावायला हरकत नाही, पण ब्रॅकेटभोवतीची पारदर्शक रबरं पिवळी होतात आणि मूल तुमच्याशी बोलत नाही.

ब्रॅकेट निघून तारेवरच फिरत असेल तर ओढू नका. त्यावर वॅक्स लावा आणि फोन करून वेळ घ्या. त्या दिवशी झटापटीचा खेळ नको, धावायला हरकत नाही. सुटून हातात आलं तर छोट्या डबीत ठेवून घेऊन जा. आणि घरातला झटपट चिकटणारा गोंद, ज्याने आपण चपला जोडतो, तो तोंडात लावायचा नाही. हे लिहावं लागतंय, कारण आमच्याच ओळखीत एका बाबांनी प्रयत्न केला.

काढता येणारी साधनं

प्लेट, ट्विन ब्लॉक (वर-खाली घालायच्या जोडीच्या प्लेटा) किंवा पारदर्शक अलायनर (दातांवर चढवायची प्लास्टिकची खोळ) असतील तर झटापटीच्या खेळात ती काढून कडक डबीत ठेवायची. रुमालात गुंडाळलेली प्लेट धुण्यात जाते. बाहेरून डोक्याला लावायचं तारेचं साधन असेल तर ते घालून अजिबात धावायचं, खेळायचं नाही. त्याची तार सुटून डोळ्याला लागू शकते. वर-खाली ताणून लावायची रबरं खेळताना काढायची की नाही हे डॉक्टरांना विचारा. काढायला सांगितली तर खेळ संपल्यावर पुन्हा लावायची आठवण कोण करणार, ते आधी ठरवा. आमच्याकडे ती जबाबदारी तिच्या संघातल्या मैत्रिणीने घेतली आणि ती माझ्यापेक्षा कडक आहे.

तार बदलण्याची किंवा आवळण्याची तारीख सामन्याच्या आदल्या दिवशी घेऊ नका. त्यानंतर दोन-तीन दिवस दात हुळहुळे असतात, खाणं कमी जातं आणि उपाशी मूल मैदानावर चुकतं. दवाखान्यात सामन्यांचं वेळापत्रक दाखवलं की तारीख पुढे-मागे करून देतात. परगावी स्पर्धेला जायचं असेल तर चार दिवस आधी एकदा सैल काही आहे का हे तपासून घ्या.

थांबून दवाखाना गाठायच्या वेळा

पक्का दात पूर्ण निघून पडला तर मिनिटं मोजायची. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात नको. माती लागली असेल तर दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने काही सेकंद हलकेच धुवा, घासू नका. शक्य असेल तर लगेच त्याच जागी बसवा आणि रुमाल चावून धरायला सांगा. धीर होत नसेल तर थंड दुधात टाकून थेट दंतवैद्याकडे. मैदानाशेजारच्या टपरीवर न तापवलेलं दूध असतंच. नुसत्या कागदात गुंडाळून, कोरडा नेऊ नका. अर्ध्या तासाच्या आत पोचलात तर दात वाचायची आशा चांगली असते. दुधाचा दात असेल तर तो परत बसवायचा नाही. तारांमुळे कधी कधी निखळलेला दात तारेला लोंबकळत राहतो. तो तोडून काढू नका, तसाच हलक्या हाताने धरून न्या.

दात तुटला नाही पण आत ढकलला गेला, वाकडा झाला, किंवा तोंड मिटल्यावर पहिल्यासारखे दात जुळत नसतील तरी त्याच दिवशी दाखवा. ब्रॅकेट गिळलं आणि मूल नीट श्वास घेतंय, खोकत नाहीये, तर ते बहुधा शौचावाटे जातं. डॉक्टरांना फोन करून सांगा. सतत खोकला, घरघर, श्वास घ्यायला त्रास असेल तर मात्र दंतवैद्य नाही, सरळ मोठं रुग्णालय. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा विसरल्यासारखं बोलणं असेल तर दातांचं नंतर बघू.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या मुली आणि मुलगे दोन्ही जिंकले, मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे आणि मुलांचा प्रतीक वाईकर, दोघं आपल्या महाराष्ट्रातले. ते सामने बघितल्यापासून लेक खांबाभोवतीचं वळण अंगणातल्या नारळावर घोकते. तारांचा उपचार साधारण दीड-दोन वर्षांचा. बारा-तेराव्या वर्षी दोन वर्षं कडेला बसलेली मुलगी चौदाव्या वर्षी परत मैदानात उतरेलच, असं मला वाटत नाही. मी सरांना वही दाखवली. त्यांनी दोन मिनिटं वाचली आणि तिला म्हणाले, "गार्ड घाल, जा."

आता तिच्या खेळाच्या पिशवीत कायम असतं ते असं: वॅक्स, छोटा आरसा, घडीचा ब्रश, कापूस, रिकामी डबी, दवाखान्याचा नंबर लिहिलेला कागद. गार्ड हवा जाईल अशा छिद्रांच्या डबीत. घरी आल्यावर साध्या गार पाण्याने आणि ब्रशने धुवायचा, गरम पाण्याने नाही, आणि उन्हात तापलेल्या गाडीत तर मुळीच ठेवायचा नाही, वेडावाकडा होतो. डबीवर नाव घाला. आमची पहिली डबी तीन दिवसांनी मॅटखाली सापडली, आणि आत भलत्याच मुलीचा गार्ड होता.